सहावा ठोकळा

१

“तनुजाताई, माझे ठोकळे न्हाईत!”

सुमय्या अशी किंचाळत खोलीत शिरली की माझ्या हातातला निम्मा चहा माझ्याच ओढणीवर सांडला. येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येचा दिवस. विद्यापीठाला सुट्टी, अख्खं लातूर शेताकडं निघालेलं, मुलींच्या वसतिगृहात जेमतेम चार टाळकी उरलेली. आणि ही बया सकाळी सकाळी बोंब मारून राहिली.

“कसले ठोकळे? आधी दम खा जरा.”

“माझे! टाकीतले! कुणीतरी नेले, ताई!”

मग मात्र मीच दम खायला विसरले.

मी तनुजा, किनवटची. इथल्या तांत्रिक विद्यापीठात, बांधकामाच्या विभागात पीएचडी करते, म्हणजे दर दिवाळीला ‘यंदा नक्की संपतंय’ असं घरी सांगते. सुमय्याला मात्र अजून पीएचडीच्या दारातूनच आत यायचं होतं. पोरगी निलंग्याची. वडील खाजामियाँ, त्यांचं तिथं सिमेंटचं दुकान. हिच्या डोक्यात काय यावं, तर साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाचं चिपाड जळून जी राख उरते, ती मिसळून सिमेंट कमी लागेल असा मसाला करायचा. बाप सिमेंट विकतो आणि लेक सिमेंट कमी करायला निघाली! गेल्या वर्षी तिनं संशोधनाच्या जागेसाठी मुलाखत दिली, तेव्हा समितीच्या मॅडम म्हणाल्या, “कल्पना झकास आहे. पुरावा कुठाय?”

पुरावा म्हणजे ते ठोकळे. तळहातावर मावतील असे सहा, राखेच्या मसाल्याचे, स्वतः ओतलेले. असे ठोकळे चार आठवडे पाण्यात मुरवायचे आणि मग यंत्रात दाबून फोडायचे, म्हणजे ताकद कळते. उद्या दुपारी समितीसमोर ते फुटणार होते. शिष्यवृत्तीची जागा विभागात एकच, आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेले दोघं. एक सुमय्या, दुसरा सर्वेश. नवे ठोकळे ओतायचे तर परत चार आठवडे, आणि समिती काही कुणासाठी थांबत नाही. ठोकळे गेले म्हणजे जागा गेली, सरळ हिशोब.

आम्ही पळत प्रयोगशाळेत गेलो. सिमेंटच्या लहानशा टाकीत पाणी होतं तसंच होतं. तळाशी एकच ठोकळा पडलेला, तोही एक कोपरा उडालेला.

“पाच नेले,” सुमय्या रडवेली होऊन म्हणाली, “आणि हा तेवढा ठेवला.”

“रडू नको,” मी बाह्या सरसावल्या. “चोर कोण ते मला ठाऊक आहे.”

२

“चोर कोण ते सगळ्यांनाच ठाऊक असतंय,” मागून आवाज आला. “मी तीस वर्षं तेच ऐकत आले. हाव का न्हाई?”

पार्वतम्मा. आमच्या वसतिगृहाच्या रेक्टर. मूळच्या उदगीरच्या, पोलिसात फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या. हातात ओल्या हरभऱ्याचा ढाळा, त्यातले घाटे सोलून तोंडात टाकणं चालू. पोलिसातून बाई बाहेर आली, पण बाईतून पोलीस काही बाहेर आलेला नाही.

“अम्मा, सर्वेशच!” मी म्हटलं. “जागा एक, माणसं दोन. आणखी काय पाहिजे?”

“मग त्यानं सहाच्या सहा का न्हाई नेले? एक ठेवून काय उपकार केले?”

अम्मा खाली वाकल्या. आमच्या प्रयोगशाळेच्या फरशीवर सिमेंटची धूळ कायम असते, तिथं झाडू हरतो. त्या धुळीत मागच्या दारापासून टाकीपर्यंत पावलं उमटली होती. अनवाणी.

“चोर चपला काढून आत आलाय,” अम्मा म्हणाल्या. “असा शहाणा चोर मी सर्व्हिसमध्ये बघितला न्हाई.”

“आवाज होऊ नये म्हणून,” मी तर्क लढवला.

“सुट्टीच्या दिवशी? कुणाची झोपमोड होणार होती, पालीची?”

त्यांनी एका पावलापाशी बोट टेकवलं. अंगठ्याशेजारच्या बोटाचा ठसा जरा जाड उमटला होता, बोटाला काही गुंडाळल्यासारखा. मला वाटलं, लागलं असेल, पट्टी बांधली असेल. मी तसं सांगितलं. अम्मा नुसतं “हूं” म्हणाल्या आणि एक घाटा सोलला.

मागच्या दाराची कडी बाहेरून बोट घालून निघते, हे विभागातल्या सगळ्यांना आणि त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक आहे. दारात कडब्याचं एक वाळकं पान पडलं होतं. ज्वारीचा कडबा, आणि बांधकामाच्या प्रयोगशाळेत! बाहेर भिंतीला लागून फोडून झालेल्या जुन्या ठोकळ्यांचा ढीग असतो. तो कुणीतरी उचकला होता. एकेक तुकडा उचलून बघितलेला आणि बाजूला नीट मांडून ठेवलेला.

“घ्या,” अम्मा कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “चोरानं आधी कचरा तपासला. कचरा पसंत पडला न्हाई, म्हणून आत आला. चपला काढल्या. सहातले पाच निवडले, तुटका तेवढा ठेवला. तनुजा, तुझा सर्वेश असा हाय का?”

मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. त्यातून उतरलेल्या माणसाला बघून सुमय्यानं डोक्याला हात लावला.

“अब्बा? तुम्ही सकाळीच येऊन गेला होता ना?”

३

खाजामियाँ म्हणजे पांढरी दाढी, मोठा आवाज आणि त्याहून मोठा डबा. सकाळी लेकीला डबा द्यायला आले होते, लोणचं विसरलं म्हणून परत आले. हकिगत ऐकताच ते मटकन बाकड्यावर बसले.

माझ्या डोक्यात मात्र चक्र फिरायला लागलं. सिमेंटचा व्यापारी! लेकीची राख यशस्वी झाली तर धंदा कुणाचा बसणार? मी अम्मांना कोपराने डिवचलं. मियाँनी ते बघितलं.

“समजलं, बेटी, समजलं!” ते उसळले. “मी चोर? अगं, त्या तुटक्या ठोकळ्याचा कोपरा कुणी उडवला, विचार हिला! हिनं पहिला ठोकळा ओतला तेव्हा मी इथंच होतो. खुशीच्या भरात साचा घाईनं खोलला आन कोपरा गेला. महिनाभर मला त्याचीच झोप न्हाई. आन आता बाकीचे चोरू? दुकान बंद पडलं तरी चालतंय, पण गावभर सांगून बसलोय, पोरगी डाक्टर होणार, दवाईची नाही, सिमेंटची!”

सुमय्या हसली आणि त्याच दमात रडलीसुद्धा. मियाँची चप्पल दाराबाहेर नव्हती, पायातच होती, भली थोरली, चिखलाची. धुळीत तिचा ठसा समोरच्या दारापर्यंतच होता. मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

दुसरा संशय राघवेंद्रवर. हा आमचा प्रयोगशाळेचा साहाय्यक. फरशी ओली होते म्हणून सुमय्याच्या टाकीवर त्याचा राग. ‘एक दिवस हे ठोकळे घंटागाडीत टाकतो की न्हाई बघा’ हे त्याचं रोजचं वाक्य. फोन लावला. मागं पोरांचा कालवा.

“टाकले म्हणजे? मॅडम, मी कालच सासुरवाडीला आलोय! आंबील पिऊन पिऊन पोट डब्ब झालंय. मी बोलतो तेवढं करायला लागलो असतो तर अर्धा विभाग घंटागाडीत गेला असता.”

अम्मांनी फोन ठेवला. “खरं बोलतोय. एवढं पोट भरल्यावर माणूस खोटं बोलत न्हाई.”

राहिला सर्वेश. त्याला बोलावलं, तर आला तो घामाघूम. लातूरचाच, आईवडील दोघं प्राध्यापक, शर्टाला सुरकुती नाही. जमिनीतला ओलावा मोजायचं काहीतरी त्याचं काम, सगळं संगणकावर. अम्मांनी एकच प्रश्न विचारला, “सकाळी इथं होतास?”

तो लाल झाला. “होतो.”

“सांगितलं नव्हतं मी?” मी टाळी वाजवली.

“काय करत होतास?”

“सांगितलंच पाहिजे का?”

“सांग, न्हाईतर ही तनुजा तुला आत्ताच फाशी देती.”

तो खाली बघत पुटपुटला, “मला लोकांसमोर बोलायला भीती वाटते. म्हणून मी ठोकळ्यांना समिती समजून भाषण पाठ करत होतो. टाकीपुढं उभं राहून. सहाही होते तेव्हा. त्या तुटक्याला मी अध्यक्ष केलं होतं.”

सुमय्या डोळे पुसता पुसता खुदकन हसली. मला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं.

“आणि तू गेलास कशाला?”

“मागच्या बाजूला कुणीतरी सारखं हॉर्न वाजवत होतं. लक्ष लागेना. मग समोरच्या दारानं निघून गेलो.”

अम्मांचा हात ढाळ्यावर थांबला. त्यांनी ढाळा खिडकीत ठेवला, पदर खोचला आणि घड्याळाकडं बघून म्हणाल्या, “मियाँ, टेम्पो काढा. आपण जेवायला चाललो.”

४

“जेवायला?” मी ओरडलेच. “अम्मा, पोरीचं वर्ष बुडतंय आणि तुम्हाला जेवण सुचतंय?”

“चोर पण जेवायलाच बसणार हाय. त्याच्या आधी पोचलं तर बरं.”

यापुढं एक अक्षर सांगतील तर शपथ. टेम्पोत पुढं मियाँ आणि अम्मा, मागं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर मी, सुमय्या आणि सर्वेश. तो म्हणाला, मीही येतो, ठोकळे मिळाल्याशिवाय ही जागा मला मिळाली तर मला ती पचायची नाही. मी त्याच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. पण संशय मागे घेतला नाही, माझाही काही स्वाभिमान आहे.

रस्ता चाकूरचा. दोन्ही अंगाला हरभरा, करडई, पोटऱ्यात आलेली ज्वारी, आणि शेताशेतात माणसांचे थवे. बायका डोक्यावर शालीत झाकलेली बिंदगी, मातीचे छोटे घडे, घेऊन चाललेल्या. मी सुमय्याला विचारलं, हे काय आहे सगळं? येळवस आमच्या किनवटला नसते. मला एवढंच ठाऊक की त्या दिवशी लातूरकर शेतात जेवतात आणि आमची मेस बंद असते.

“बिंदग्यात आंबील असती, ताई, ताक न् ज्वारीच्या पिठाची. लहानपणी निलंग्यात आम्ही शेजाऱ्यांच्या शेतावर जायचो. गौरम्माकाकू अम्मीला आठ दिवस आधी सांगून ठेवायच्या.” बोलता बोलता ती थांबली, आणि डोळे मोठे करून पुढं बसलेल्या अम्मांच्या पाठीकडं बघायला लागली. “या अल्ला. ताई, पाच!”

“काय पाच?”

“पाच!”

ती हसायला लागली. मी तिचा दंड धरून हलवला, पण तिनं तोंडावर ओढणी दाबून धरली. एवढ्यात टेम्पो वळला आणि एका शेताच्या बांधाशी थांबला. बांधावर उभं राहून, हात उंच करून, आमचे मार्गदर्शक बापूसाहेब सर ओरडत होते, “या, या! बरं झालं आलात!”

५

बापूसाहेब सर दरवर्षी बोलावतातच. यंदाही आदल्या दिवशी अम्मांसमोरच सांगून ठेवलं होतं, “या गं पोरींनो. उन्हाळ्यात शेततळं खणलं, त्यात पूजेची जुनी जागा सगळी गेली. पुरुषभर खणलं तरी नुसती काळी माती, औषधाला दगड न्हाई! यंदा सगळं नवं मांडायचंय.” मी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं होतं. शेतात फोनला रेंज नाही, म्हणून चोरीची वार्ता त्यांना कळलीच नव्हती.

“सर, माझे ठोकळे चोरीला गेले,” सुमय्या म्हणाली.

“काय?” सरांचा चेहरा पडला. “माझ्या प्रयोगशाळेतून? कोण तो हरामखोर? मी त्याला—”

“थांबा सर,” पार्वतम्मा म्हणाल्या. “शिव्या जपून द्या. घरातच लागायच्या.”

शेताच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्या टेकवून त्रिकोणी खोप उभी केली होती, वरून लाल शाल पांघरलेली. अम्मा खोपीसमोर उकिडव्या बसल्या. आत हारीनं मांडलेले, चुन्यानं पांढरे केलेले, हळदीकुंकू लावलेले पाच देव.

“तनुजा, तू किनवटची, म्हणून सांगते. येळवशीला शेतात पाच पांडव मांडत्यात. दगडाचे. पाचच, सहावा न्हाई. आणि खंडित दगड पूजेला चालत न्हाई. आता बघ. चोरानं आधी ढीग बघितला. तिथं सगळे फुटलेले. मग आत गेला. आत सहा होते, त्यातला कोपरा उडालेला सोडला, धड पाच घेतले. देव न्यायचे म्हणून चपला बाहेर काढल्या. पायात जोडवी होती, त्यांचा ठसा धुळीत उमटला. म्हणजे बाई. पदराला न्हाईतर गाडीला कडब्याचं पान चिकटलेलं, म्हणजे खोपीची तयारी करून आलेली. ढिगाची न् कडीची माहिती, म्हणजे विभागाच्या घरातली. बाहेर गाडीत बसून सारखा हॉर्न वाजवणारा माणूस अख्ख्या विभागात एकच, म्हणजे...” त्यांनी सरांकडं बघितलं. “आणि औषधाला दगड न मिळणारं शेत कुणाचं, ते त्यांनी स्वतःच सांगितलंय.”

सगळे वळले. खोपीमागून प्रेमलाकाकू, सरांच्या पत्नी, हातात आंबिलीचा तांब्या घेऊन आल्या. पायात चप्पल नव्हती. बोटात चांदीची जोडवी चमकत होती.

“अगं बया!” काकू म्हणाल्या. “ते तुझे होते होय गं?”

“प्रेमला!” सर ओरडले. “मी तुला ढिगातले आण म्हटलं होतं!”

“ढिगात एक तरी धड होता का? तुमचं सगळं आयुष्य फोडण्यात गेलं! आत बघितलं तर पाण्यात ठेवलेले. देव बसवायच्या आधी पाण्यातच ठेवत्यात की. मला वाटलं, आज कधी नव्हं ते यांना सुचलं, श्रद्धेनं माझ्यासाठी तयार करून ठेवले. एवढा आनंद झाला मला! म्हटलं, यांना विचारायचं कशाला, आणि तुमचं हॉर्न एक थांबंना.”

“मी? श्रद्धेनं?” सर खाली बसले. “आणि मी सकाळी याच ठोकळ्यांना साष्टांग घातला!”

“चुन्यात काय ओळखणार, सर?” सर्वेश गंभीरपणे म्हणाला. “मीसुद्धा त्यांना समिती समजलो होतो.”

खाजामियाँ एवढे हसले की त्यांना ठसका लागला. सर घाईनं खोपीत वाकले, ठोकळा उचलायला हात पुढं केला, आणि काकूंनी तांब्या आडवा धरला.

“हात लावायचा न्हाई!”

६

हसणं बंद झालं.

“पूजा मांडलीय, निवद दाखवलाय,” काकू म्हणाल्या. “मांडलेला देव मधीच उठवायचा म्हणजे काय पोरखेळ आहे?”

“अगं, त्या पोरीचं भवितव्य आहे ते!”

“मला कळत न्हाई का? पण हे आता नुसते ठोकळे न्हाईत.”

मी तोंड उघडणार होते. माझं तोंड उघडलं की काम बिघडतं, हे सुमय्याला ठाऊक आहे, तिनं माझा हात दाबला आणि काकूंच्या समोर जाऊन बसली.

“काकू, देव कधी उठवतात?”

“दिवस मावळायला. कडब्याची चूड पेटवून शेताला फेरी झाली की आज्ञा घ्यायची.”

“मग मी थांबते. फक्त ते वाळायला नकोत. उन्हात वाळले तर उद्या नीट फुटायचे न्हाईत.”

काकूंनी तिच्याकडं बघितलं. मग खोपीत जाऊन पाचही देवांवर ओलं फडकं पांघरलं. “देवालाही ऊन लागतंच की,” त्या म्हणाल्या. “आता जेवा सगळे. चोराच्या हातचं.”

आणि आम्ही जेवलो! शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी, आणि बिंदग्यातली गार आंबट आंबील. पार्वतम्मांनी तिसऱ्यांदा भज्जी घेतली तेव्हा मला समजलं, की त्यांनी निघायची घाई का केली होती. सर मुकाट्यानं वाढत होते. दर पदार्थ ते सुमय्याच्या ताटात दोनदा टाकत होते.

दिवस कलला. चूड पेटली, फेरी झाली, काकूंनी हात जोडून पाची पांडवांची आज्ञा घेतली. आंबिलीचं रिकामं बिंदगं धुऊन विहिरीच्या पाण्यानं भरलं. एकेक ठोकळा पुसून काकू त्यात सोडायला लागल्या. शेवटचा हातात घेऊन मात्र त्या थांबल्या.

“उद्या यंत्रात घालणार?”

“हो, काकू.”

“फोडणार?”

“फोडावंच लागतंय.”

“एक सांग मला. हे फुटतील ते हरून फुटतील का जिंकून?”

सुमय्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “साध्या सिमेंटचा ठोकळा जिथं फुटतो, त्याच्या पुढं जाऊन फुटतील. मला खात्री आहे. जिंकूनच.”

“मग ने,” काकूंनी ठोकळा पाण्यात सोडला. “पांडवांनी काय कमी सोसलं? आणि तो सहावा कुठाय गं, मी नाकारलेला?”

“टाकीतच आहे. खरं तर तोच पहिला, सगळ्यात आधी ओतलेला. अब्बांनी त्याचा कोपरा उडवला.”

“थोरला, आणि एकटा पाण्यात सोडलेला?” काकू हळू आवाजात म्हणाल्या. “मग तो कर्ण गं बाई. चुकलंच माझं.”

बिंदगं मांडीवर धरून सुमय्या टेम्पोत बसली. मागं सर गाडीतून येत होते, आणि टेम्पो हळू चालला म्हणून सारखे हॉर्न वाजवत होते.

७

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्ष नांदेडच्या मनस्विनी मॅडम, गेल्या वर्षी पुरावा मागणाऱ्या त्याच. यंत्राच्या तबकडीवर लाल खडूनं रेघ मारलेली. साध्या सिमेंटची ताकद तिथं संपते. मागं भिंतीला लागून आम्ही सगळे, खाजामियाँ तर डोळे मिटूनच उभे. प्रेमलाकाकूंना समितीच्या खोलीत यायची परवानगी नव्हती, म्हणून त्या उघड्या मागच्या दारात उभ्या होत्या, चपला काढून.

पहिला ठोकळा ठेवला. काटा चढला, रेघेपाशी आला, ओलांडून गेला आणि मग टच्च! दुसरा तसाच. तिसरा, चौथा, पाचवा. एकही रेघेच्या अलीकडं फुटला नाही. मियाँनी एक डोळा उघडला.

“छान,” मनस्विनी मॅडम म्हणाल्या. मग फुटलेला एक तुकडा उचलून त्यांनी नखानं खरवडला. “पण हे पांढरं काय आहे? आणि हे लाल?”

सुमय्यानं काही लपवलं नाही. पांडव, चुना, हळदीकुंकू, सगळं सांगितलं. समितीतले दोघं तोंड दाबून हसले. मॅडम हसल्या नाहीत.

“म्हणजे या पाचांना बाहेरून चुना लागला होता. मग ताकद राखेनं वाढली की चुन्यानं, हे कशावरून ठरवायचं?”

सरांनी कपाळाला हात लावला. सुमय्या पांढरी पडली होती, पण बोलली.

“मॅडम, सहावा आहे. त्याला कुणी हात लावलेला न्हाई. तो पाण्यातून बाहेरच आला नव्हता.”

राघवेंद्र टाकीतून ठोकळा घेऊन आला. मॅडमनी फिरवून बघितला. “याला तर कोपरा नाही. हा नियमात बसत नाही.”

“कोपरा न्हाई म्हणजे तो कमीच भरणार, मॅडम. पण कमी भरूनसुद्धा त्यानं रेघ ओलांडली तर?”

मॅडमनी ठोकळा राघवेंद्रच्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, “ठेवा.”

काटा चढायला लागला. हळू. पाचांपेक्षा हळू वाटला मला. रेघेच्या खाली थरथरला. मागच्या दारातून काकूंचा आवाज आला, “चल रे बाबा!” सर्वेशनं माझा हात घट्ट धरला, आणि मी धरू दिला. काटा रेघेवर आला. सरकला. पलीकडं गेला, आणि मगच तो थोरला फुटला.

खाजामियाँ एवढ्या मोठ्यानं ओरडले की समितीतल्या एकाच्या हातातलं पेन पडलं. मनस्विनी मॅडमनी सुमय्याच्या खांद्यावर हात ठेवला. “पुरावा मिळाला,” त्या म्हणाल्या.

जागा सुमय्याला मिळाली. सर्वेशचं भाषण एकदाही न अडखळता झालं, समोर खरी माणसं होती तरी त्याला म्हणे ठोकळेच दिसत होते. मॅडमनी त्याला सांगितलं, नांदेडच्या केंद्रात मातीवर काम करायला जागा आहे, माणूस नाही, लगेच अर्ज कर. मी त्याच्यावरचा संशय अधिकृतपणे मागे घेतला. पार्वतम्मांनी पेढे वाटले आणि निम्मे स्वतः खाल्ले.

प्रेमलाकाकू मात्र यंत्रापाशी वाकून सहाव्याचे तुकडे पदरात गोळा करत होत्या. सुमय्या जवळ गेली.

“काकू, पुढच्या येळवशीला तुमचे पांडव मी ओतून देणार. माझ्या राखेचे. पाच.”

“पाच न्हाई, सहा ओत,” काकू म्हणाल्या.

“पण सहावा मांडत न्हाईत ना?”

“आमच्या शेतात मांडायचा. त्यानं तुला वाचवलं.” काकूंनी पदराची गाठ मारली. “आणि त्या सहाव्याचा एक कोपरा मुद्दाम उडव गं. कवचकुंडलं देऊन टाकलेल्या माणसाला मी खंडित म्हटलं होतं.”

“ते काम माझं!” खाजामियाँ छाती पुढं काढून म्हणाले.